नऊ पंपांची दिल्ली

१९९८ सालच्या पावसाळ्यात दिल्लीत सीएनजी भरून मिळण्याची ठिकाणे होती नऊ. त्याच वर्षी २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ३१ मार्च २००१ पर्यंत राजधानीतल्या झाडून सगळ्या बस, सरकारी असोत की खासगी, सीएनजीवर आल्या पाहिजेत. त्याशिवाय १९९० पूर्वीच्या रिक्षा आणि टॅक्सी मार्च २००० पर्यंत जाऊन त्यांच्या जागी स्वच्छ इंधनावरच्या नव्या गाड्या याव्यात, आठ वर्षांपेक्षा जुनी डिझेल बस एप्रिल २००० नंतर रस्त्यावर दिसू नये, बसची एकूण संख्या दहा हजारांवर न्यावी, शिसे घातलेले पेट्रोल सप्टेंबरपासून बंद करावे. तारखांच्या या यादीत आणखी एक कलम होते : ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने सीएनजीचे पंप नवावरून ऐंशीवर न्यावेत, मुदत ३१ मार्च २०००.

पुढे साडेचार वर्षे दिल्लीत जे रामायण घडले, त्याचे मूळ मला तरी या पंपांच्या कलमात दिसते. बसचे कलम मोडले तर बसमालकाला दंड करता येतो, परवाना जप्त करता येतो. पंपाचे कलम मोडले तर धरायचे कोणाला?

खटला जुना होता. वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेबद्दलची याचिका १९८५ मध्येच दाखल केली होती. मधल्या काळात समित्या आल्या, अहवाल आले, आणि दिल्लीतल्या गाड्यांची संख्या तीस लाखांच्या घरात गेली. आयटीओच्या चौकात रुमाल नाकाला लावल्याशिवाय उभे राहवत नसे. १९९६ मध्ये अनिल अगरवाल यांच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ‘स्लो मर्डर’ नावाचा अहवाल काढला. धूर ओकणाऱ्या गाडीच्या मालकाला पकडून काही होणार नाही, दोष इंजिन बनवणाऱ्याचा, तेल शुद्ध करणाऱ्याचा आणि नियम ठरवणाऱ्याचा आहे, असे त्यात रोखठोक मांडले होते. तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण आजच्या मानाने भयंकर होते. त्यात रॉकेलची भेसळ, ती वेगळीच. रेशनचे रॉकेल स्वस्त, डिझेल महाग. भेसळ होणार नाही तर काय?

जानेवारी १९९८ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली एक प्राधिकरण नेमले. अध्यक्ष होते भुरे लाल. ऐंशीच्या दशकात अंमलबजावणी संचालनालयात असताना बड्या धेंडांच्या मागे लागलेला हा सनदी अधिकारी. सदस्यांत अनिल अगरवालही होते. जुलैच्या आदेशातल्या तारखा या प्राधिकरणाच्या पहिल्या अहवालातून आल्या. दिल्लीचे राजकारण मात्र भलत्याच विवंचनेत होते. त्या एका वर्षात शहराने तीन मुख्यमंत्री पाहिले. साहिबसिंग वर्मा गेले, सुषमा स्वराज आल्या आणि कांद्याच्या भावाने पेटलेल्या निवडणुकीनंतर डिसेंबरात शीला दीक्षित आल्या. आता दिल्लीत काँग्रेस आणि केंद्रात वाजपेयी, अशी मांडणी झाली. बस दिल्लीच्या, गॅस केंद्राचा. पंपाला लागणारी जमीन बरीचशी दिल्ली विकास प्राधिकरणाची, म्हणजे पुन्हा केंद्राचीच.

हा गॅस येत होता कुठून, तर आपल्याच समुद्रातून. वसईच्या पश्चिमेला, भर समुद्रात दक्षिण बसीनचे वायुक्षेत्र आहे. तिथला वायू सुरतेजवळ हजिरा इथे किनाऱ्याला लागतो, त्यातले गंधकयुक्त घटक काढले जातात आणि मग हजिरा-बिजयपूर-जगदीशपूर या सतराशे किलोमीटरहून लांब वाहिनीतून तो उत्तरेकडे जातो. ही वाहिनी ऐंशीच्या दशकात टाकली ती खत कारखाने आणि वीज केंद्रे यांच्यासाठी. त्या वाटेवर रिक्षावाला नंबर लावून उभा राहील, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते. एवढेच नव्हे, पंपाच्या टाक्यांना परवाना देणारे स्फोटक विभागाचे मुख्यालय नागपुरात, गाड्यांची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांतली एक पुण्याची एआरएआय, रिक्षा बनवणारी बजाजही पुण्याचीच. पेट्रोलियम मंत्री होते उत्तर मुंबईचे राम नाईक. दिल्लीच्या या प्रकरणात महाराष्ट्राचा असा जागोजाग हात आहे.

दिल्लीत गॅस वाटण्यासाठी डिसेंबर १९९८ मध्ये इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेड (आयजीएल) ही कंपनी स्थापन झाली. ‘गेल’, भारत पेट्रोलियम आणि थोडा वाटा दिल्ली सरकारचा. कंपनीपुढचा पेच सरळ होता. गाड्याच नाहीत तर पंप कोणासाठी उभारायचे? डीटीसी ही सरकारी बससेवा आणि खासगी बसमालक म्हणत, पंपच नाहीत तर लाखो रुपयांची नवी बस घेऊन ती उभी कुठे करायची? बस बनवणारे म्हणत, ऑर्डर द्या, मग बनवतो. प्रत्येकाचे म्हणणे आपल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच दोन वर्षे फुकट गेली. मार्च २००० ची मुदत उलटली तेव्हा ऐंशी पंपांची निम्मी मजलही गाठलेली नव्हती. डीटीसीने नव्या बसच्या मागण्या नोंदवायलाच उशीर केला. मुदत वाढणारच, या भरवशावर सगळे निर्धास्त होते. आपल्याकडे तो भरवसा सहसा खोटा ठरत नाही.

मार्च २००१ च्या अखेरीस न्यायालयाने खरेच थोडी सवलत दिली. ज्यांनी ३१ मार्चपर्यंत सीएनजी बसची पक्की मागणी नोंदवून प्रतिज्ञापत्र दिले असेल, त्यांना सप्टेंबरअखेरपर्यंत मुभा. बाकीच्यांना नाही. १ एप्रिलला रविवार होता, म्हणून खरी परीक्षा त्यानंतरच्या कामाच्या दिवसांत झाली. थांब्यांवर माणसांचे थवे, रस्त्यावर बस तुरळक. आली ती टपापर्यंत भरलेली. लोक चिडले. काही ठिकाणी दगडफेक झाली, बस पेटवल्या गेल्या. दिल्ली सरकारने केंद्राकडे बोट दाखवले, केंद्राने दिल्लीकडे, आणि दोघांनी मिळून न्यायालयाकडे. कामावर निघालेल्या माणसाला यातले काहीच उपयोगाचे नव्हते.

बस आल्यानंतरची कथा त्याहून बिकट आहे, आणि ती समजायला पंपाच्या पोटात डोकावावे लागते. सीएनजी म्हणजे घरच्या सिलिंडरसारखा द्रव नव्हे, तो दाबून भरलेला वायूच. वाहिनीतून पंपावर येतो तेव्हा त्याचा दाब गाडीच्या टाकीसाठी फारच कमी असतो. गाडीच्या टाकीत तो सुमारे २०० बारपर्यंत चढवावा लागतो. हे काम कॉम्प्रेसर करतो. ज्या पंपाखालून वाहिनी जाते आणि ज्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर आहे, तो पंप स्वयंपूर्ण. मोठ्या पंपांना ‘मदर स्टेशन’ म्हणत. जिथे वाहिनी पोचलेली नसे, तिथे ‘डॉटर स्टेशन’ : मदर स्टेशनवर भरलेल्या सिलिंडरांचा ताफा ट्रकवरून आणायचा आणि त्यातून गाड्यांना द्यायचे. म्हणजे टँकरच्या पाण्यावर जगणारी वस्तीच. ताफा भरलेला असेल तोवर जोर, रिकामा होत आला की धार बारीक. सकाळी पहिल्या रिक्षांना पूर्ण टाकी मिळे, दुपारच्या रिक्षांना अर्धी. अर्धी टाकी घेतलेली रिक्षा अर्धाच दिवस चालते आणि पुन्हा त्याच रांगेत येऊन लागते. रांगच रांग वाढवत होती. त्यात कॉम्प्रेसर बंद पडला किंवा वीज गेली, आणि दिल्लीत तेव्हा वीज जाणे ही नित्याची गोष्ट होती, तर सगळाच खोळंबा.

त्यामुळे कागदावर पंपांचा आकडा वाढत होता आणि रस्त्यावर रांगही वाढत होती. दोन्ही खरे होते. न्यायालयापुढे सादर होणाऱ्या यादीत डॉटर स्टेशनही एक आणि मदर स्टेशनही एकच मोजले जाई. चालक रात्री रिक्षेतच पाय दुमडून झोपत, पुढची गाडी सरकली की मागचा त्याला हाक मारून उठवी. बस भरायला तर आणखी वेळ, शिवाय आगारापासून पंपापर्यंत रिकामी खेप. हिरव्या-पिवळ्या नव्या रिक्षांची ही रांग २००१ आणि २००२ या दोन वर्षांत दिल्लीची ओळखच होऊन बसली.

रिक्षावाल्यांच्या हालाबद्दल त्या काळात फार थोडे लिहिले गेले, म्हणून इथे थोडे सविस्तर. १९९७ च्या अखेरीस न्यायालयानेच रिक्षांची संख्या गोठवली होती. नवा परवाना मिळणार नाही, जुनी रिक्षा मोडीत काढूनच नवी घेता येईल. म्हणजे रिक्षेपेक्षा कागदाला मोल आले. त्यातच जुन्या रिक्षांना तारीख लागली. दिल्ली सरकारने कर आणि व्याजात काही सवलती दिल्या खऱ्या, पण बँकेच्या दारात उभा राहणारा चालक कितीसा? तो गेला खासगी सावकाराकडे. परवाने हळूहळू या फायनान्सवाल्यांच्या मुठीत गेले आणि काल मालक असलेला माणूस आज दिवसाच्या भाड्याने तीच रिक्षा चालवू लागला. हवा सगळ्यांची सुधारायची होती, हप्ता मात्र याने भरला. या धोरणाच्या कौतुकाच्या लेखांत हा हिशेब सहसा नसतो.

सप्टेंबर २००१ मध्ये केंद्राने वाहन-इंधन धोरण ठरवण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचा, गिरगावात वाढलेला शास्त्रज्ञ. बासमती-हळदीच्या पेटंटांची लढाई त्यांच्या नावावर होती, देशभर त्यांना मान होता. १ जानेवारी २००२ च्या सुमारास आलेल्या अंतरिम अहवालाचे सार असे : सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने पाळायची ते सांगू नये. सीएनजीने पाळा, कमी गंधकाच्या डिझेलने पाळा, तुमची मर्जी. पेट्रोलियम मंत्रालयाचे आधीपासून हेच म्हणणे होते : देशात वायू मर्यादित आहे, कमी गंधकाचे डिझेलही स्वच्छ इंधन माना. दिल्लीतल्या एका नामांकित ऊर्जा संस्थेनेही डिझेलची बाजू लावून धरली. समोर अगरवाल आणि त्यांच्या सहकारी सुनीता नारायण. वर्तमानपत्रांतून, परिसंवादांतून, प्रतिज्ञापत्रांतून हा वाद महिनोन्‌महिने चालला. सीएनजी बसना आगी लागल्याच्या दोन-चार घटनांनी त्यात भर घातली. अगरवाल कर्करोगाशी झुंजत हे सगळे करत होते. २ जानेवारी २००२ ला ते गेले.

माशेलकरांचा सिद्धांत चुकीचा होता, असे मला वाटत नाही. मर्यादा ठरवा, मार्ग मोकळा ठेवा, हे जगभर रुळलेले तत्त्व आहे. याच समितीच्या आराखड्यावरून पुढे देशभर धुराच्या मर्यादांचे ‘भारत स्टेज’ टप्पे आले आणि २०२० पर्यंत आपण बीएस-सहाला पोचलो. पण २००१ च्या दिल्लीत ते तत्त्व लागू करायचे तर दोन गोष्टी हाताशी हव्या होत्या. एक, खरोखर शुद्ध डिझेल. दुसरी, हजारो बसचा धूर प्रामाणिकपणे तपासणारी यंत्रणा. शुद्धीकरण कारखान्यातून कमी गंधकाचे डिझेल निघाले तरी पंपावर पोचेपर्यंत त्यात रॉकेल मिसळत होते. सीएनजीत रॉकेल मिसळता येत नाही. अगरवालांच्या बाजूचा हा सगळ्यात साधा मुद्दा, आणि माझ्या मते निर्णायकही. ज्या शहरात तपासनीसावर भरवसा ठेवता येत नाही, तिथे ज्यात लबाडीच करता येत नाही असे इंधन निवडणे शहाणपणाचे होते.

५ एप्रिल २००२ ला न्या. बी. एन. किरपाल, न्या. व्ही. एन. खरे आणि न्या. अशोक भान यांच्या पीठाने निकाल दिला आणि सरकारची चांगलीच हजेरी घेतली. माशेलकर समितीत सार्वजनिक आरोग्याचा एकही जाणकार नाही, याकडे न्यायालयाने बोट दाखवले. पुन्हा वाढवलेली मुदत संपल्यावर, म्हणजे ३१ जानेवारीनंतर, चालवलेल्या प्रत्येक डिझेल बसला रोज ५०० रुपये दंड, तीस दिवसांनंतर रोज १,००० रुपये. १ मेपासून दरमहा ८०० डिझेल बस रस्त्यावरून हटवायच्या. केंद्र सरकारला खर्चापोटी २०,००० रुपयांचा भुर्दंड. वर्तमानपत्रांनी हे आकडे ठळक छापले. पण मला यातला सर्वांत महत्त्वाचा आदेश वाटतो तो वायूच्या वाटपाचा : वाहतुकीला आधी द्या, उद्योगांना नंतर. वसईच्या समुद्रातला वायू इतकी वर्षे स्वस्तात कारखान्यांना जात होता आणि तिकडे शहराला तो ‘अपुरा’ म्हणून सांगितला जात होता. पहिल्या आदेशापासून हा विषय निघायला जवळपास चार वर्षे लागली.

त्यानंतर गाडी रुळाला लागली. आयजीएलने कॉम्प्रेसर वाढवले, वाहिनी शहरात आणखी आत नेली, बसच्या आगारांतच पंप उभे केले. १ डिसेंबर २००२ पासून दिल्लीच्या शहर वाहतुकीत डिझेल बस उरली नाही. पंपांचा आकडा शंभरीच्या पुढे गेला, रांगा आखूड झाल्या. तोट्यात जाईल म्हणून जिची भीती घातली जात होती, ती आयजीएल २००३ च्या अखेरीस शेअर बाजारात उतरली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने त्याच वर्षी दिल्लीला आंतरराष्ट्रीय सन्मान दिला. काही वर्षे हवा सावरली. मग डिझेलच्या खासगी गाड्यांच्या पुराने ती पुन्हा खालावली. पण तो दोष सीएनजी बसचा नाही.

मुंबईत हीच गोष्ट जवळजवळ आवाज न होता घडली. महानगर गॅस कंपनी १९९५ मध्येच स्थापन झालेली, वायू उरणला किनाऱ्यावर हाताशी. इथेही उच्च न्यायालयात धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका होती, व्ही. एम. लाल समिती होती, जुन्या टॅक्सींना मुदती होत्या. पण काळ्या-पिवळ्या पद्मिनीवाल्याने डिकीत सिलिंडर बसवला तो मुख्यतः पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो म्हणून. डिकीत सामानाला जागा उरली नाही, अशी प्रवाशांची कुरकुर झाली, एवढेच. पुण्याचे मात्र वेगळे. एप्रिल २००२ च्या निकालात दिल्लीबाहेरच्या ज्या प्रदूषित शहरांसाठी सीएनजी किंवा एलपीजीची योजना मागितली होती, त्यांत पुण्याचे नाव होते. पुण्यात वायू वाटणारी कंपनी मात्र २००६ मध्ये निघाली. वाहिनीच नव्हती, तर आदेश काय करणार? रिक्षांच्या रांगा दिल्लीत आखडल्या तेव्हा पुण्यात त्या अजून सुरूही व्हायच्या होत्या.

आज विजेच्या गाड्यांसाठी पंपाच्या जागी चार्जर आला आहे, आणि सरकारने काही गोष्टी या वेळी आधी केल्या, हे मान्य करायला हवे. एप्रिल २०१८ मध्ये वीज मंत्रालयाने स्पष्ट केले की गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्याला वेगळा परवाना नको. त्यामुळे कोणीही केंद्र काढू शकतो. त्याच वर्षी डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वे आली : शहरात दर तीन किलोमीटरच्या चौकोनात एक केंद्र, महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला एक. २०१९ च्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात चार्जिंगसाठी १,००० कोटी रुपये ठेवले, २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये २,००० कोटी, सुमारे ७२,००० चार्जरसाठी. पैसा आहे, परवान्याची कटकट कमी आहे, इंधन तर प्रत्येक खांबावर पोचलेलेच आहे. तेव्हाच्या दिल्लीपेक्षा सुरुवात नक्कीच बरी.

मोजण्याची पद्धत मात्र तीच राहिली आहे. पदपथावरचा संथ चार्जर एक, महामार्गावरचा जलद चार्जरही एक. बसवलेला एक, बंद पडलेलाही एक. एका केंद्रावर चार जलद चार्जर असले आणि मागचा ट्रान्सफॉर्मर दोनच पेलत असला, तर चौथ्या गाडीची गत दुपारच्या डॉटर स्टेशनवरच्या रिक्षेसारखी होते. बस आगारांचे तर विचारूच नका. शे-दीडशे बस रात्री एकदम चार्जिंगला लावायच्या तर त्या भागाला वेगळे उपकेंद्र लागते, आणि ते उभे राहायला बस यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेव्हा तुमच्या महापालिकेने किंवा पालकमंत्र्याने चार्जिंग केंद्रांचा आकडा जाहीर केला, की टाळ्या वाजवण्याआधी महावितरणने तिथे किती भार मंजूर केला आणि प्रत्यक्षात किती दिला, त्यातली किती केंद्रे आज चालू आहेत, एवढे लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.